एकाच नंबराचीं दोन घरें

शिरूर नांवाचें गांव एकच नाहीं. बीड जिल्ह्यांत शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ आहे, आणि पुणे जिल्ह्यांतलें घोडनदीकांठचें शिरूर तर सर्वांच्या परिचयाचें. शिरूर कासार येथें पेटींत टाकलेल्या पत्रावर नुसतें ‘शिरूर’ एवढेंच लिहिलें, तर तें पुण्याच्या वाटेस लागणार नाहीं; गांवांतल्याच पोस्टमनच्या थैलींत पडेल. असे घोटाळे टळावे म्हणून टपालखात्यानें १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू केला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्यांची. नांव सारखें असलें तरी आंकडा निराळा, ही त्यांतली युक्ति. गंमत अशी कीं, संगणकांच्या जाळ्यांत आज आंकडेच सारखे झाले आहेत!

२०२० च्या टाळेबंदींत शहरांतल्या कचेऱ्यांचें पुष्कळ काम घरोघर गेलें. अंबाजोगाईस बसून पुण्याच्या कचेरीचे हिशेब पाहणारा कर्मचारी व्हीपीएन वापरतो. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधूनच, परंतु कुलूपबंद अशी, घरापासून कचेरीपर्यंतची खाजगी वाट. पडद्यावर ‘जोडणी झाली’ असें दिसतें, आणि तरीहि कचेरीची फाईल उघडत नाहीं. महिनाअखेरीस पगारपत्रक अडकलें म्हणजे कचेरीस मनुष्य कामचुकार वाटतो. मनुष्यास इंटरनेट मंद वाटतें. दोघांचाहि तर्क चुकतो.

जाळ्यांतल्या प्रत्येक यंत्रास एक आयपी पत्ता लागतो. प्रचलित जुन्या पद्धतींत असे पत्ते सुमारें ४२९ कोटि आहेत. जगास ते पुरेनात. म्हणून कांहीं पत्ते केवळ खाजगी जाळ्यांसाठीं राखून ठेवले गेले. १९९६ पासून चालत आलेला नियम असा कीं, ते कोणींहि आपल्या भिंतींच्या आंत खुशाल वापरावे. १९२.१६८ ह्या आंकड्यांनीं सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. राऊटर बनविणारे बहुधा १९२.१६८.१ हाच क्रम घालून पाठवितात, आणि तो बदलण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. दोन घरें वेगळीं आहेत तोंवर बिघडत नाहीं. व्हीपीएननें तीं जोडलीं कीं मात्र अडचण उभी राहते. कचेरींतल्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.१० असेल, तर लॅपटॉपला तो आपल्याच घरांतला वाटतो. तो बिचारा बैठकींतल्या दूरदर्शन-संचाचें दार ठोठावीत बसतो!

परीक्षा सोपी आहे. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहावा. तेथें फाईल उघडली आणि घरच्या वायफायवर उघडली नाहीं, तर दोष बहुधा हाच. मग राऊटरच्या व्यवस्थेच्या पानावर जाऊन त्याचा घरांतला पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजीं, समजा, १९२.१६८.७३.१ करावा. निवडलेला आंकडा कचेरींत नाहीं, एवढें आधीं विचारून घ्यावें. नंतर राऊटर व घरांतलीं यंत्रें बंद करून पुन्हां सुरू करावीं. छपाईयंत्रास कोणी हातानें कायमचा पत्ता घालून दिला असेल, तर तोहि बदलावा लागतो.

खरें पाहतां पन्नास कर्मचाऱ्यांनीं घरें बदलण्यापेक्षां कचेरीनें एकदां आपलें घर बदलणें अधिक शहाणपणाचें. १० ह्या आंकड्यानें सुरू होणारे १ कोटि ६७ लाख पत्ते खाजगी जाळ्यांसाठींच मोकळे आहेत. त्यांतला मधलाच एखादा क्रम कचेरीनें घेतला, तर अंबाजोगाईच्या राऊटरला हात लावण्याचें बहुधा कारणच पडत नाहीं.