घसरण्याचे शास्त्र : बर्फावरचे आणि मुरमावरचे

सावेडीत बर्फ दिसतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. त्यामुळे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, हा आपल्या वर्गातला विषय होऊ शकेल असे सहसा कोणाला वाटत नाही. पण या खेळात नवशिक्यांच्या ज्या फजित्या होतात, त्यांत नववी-दहावीच्या यंत्रशास्त्राचे निम्मे प्रकरण दडलेले आहे. शिवाय त्यांतून मिळणारे धडे आपल्या मुरमाड उतारांवर आणि पावसाळ्यातल्या निसरड्या अंगणातही तितकेच उपयोगी पडतात.

तीन नेहमीच्या फजित्या

मनालीजवळचे सोलांग किंवा काश्मीरमधील गुलमर्ग येथे हिवाळ्यात महाराष्ट्रातले पर्यटक हौसेने भाड्याच्या स्की पायांत चढवतात. पहिली फजिती उभे राहण्यापूर्वीच होते. एका पायात स्की अडकवली, दुसरी अडकवायला वाकले, तोच पहिला पाय एकटाच उताराला लागतो! स्कीचे टोक खाली, उताराच्या दिशेला असते म्हणून असे होते. हीच पट्टी उताराला आडवी ठेवली तर वजनाचा उताराच्या दिशेचा घटक तिच्या लांबीच्या दिशेने काम करतच नाही. कड बर्फात रुतते आणि माणूस निवांत उभा राहतो.

दुसरी फजिती पडल्यावरची. माणूस उठतो, पुन्हा घसरतो, पुन्हा आपटतो. बघणारे हसून बेजार होतात. उपाय पुन्हा तोच : आधी दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या, मग उठायचे.

तिसरी फजिती सर्वांत बोधप्रद आहे. वेग वाढू लागला की नवशिका घाबरून मागे झुकतो आणि थेट पाठीवर आदळतो. शिकवणारा मात्र ओरडत असतो, "पुढे झुका, गुडघे वाकवा!" उतारावर पुढे झुकायचे हे मनाला पटत नाही. पण एस.टी. एकदम सुटली की उभ्या प्रवाशांचे काय होते ते आठवावे. पाय गाडीबरोबर पुढे जातात, धड जडत्वामुळे मागे राहते. अनुभवी प्रवासी म्हणूनच आधीच थोडा पुढे कलतो. उतारावर स्की म्हणजे सतत सुटत राहणारी एस.टी.! घर्षण जवळजवळ नसेल, तर तोल सांभाळण्यासाठी शरीर जमिनीला नव्हे, उताराला लंब ठेवावे लागते. मागे झुकले की दुहेरी तोटा होतो. गुरुत्वमध्य पायांच्या मागे जातो आणि स्कीच्या पुढच्या टोकावरचा भार कमी होऊन ती वळवताही येत नाही.

आता नगरच्या उतारावर

सावेडीकडच्या मुलांना हाच अनुभव घ्यायचा तर शहराच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्यावरचा चांदबिबी महालाचा डोंगर जवळ आहे. नाव चांदबिबीचे असले तरी ही अष्टकोनी वास्तू म्हणजे निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर. डोंगर चढताना कोणी पडत नाही. पडतात ती उतरताना, आणि बहुतेक वेळा पाठीवरच.

कारण मुरूम. काळा बसाल्ट झिजून झालेले हे खडे कठीण जमिनीवर सुटे पसरलेले असतात. बुटाखाली ते गोळ्यांसारखे गडगडतात. पाय सटकतो, धड मागे राहते. भीतीने आधीच मागे झुकलेला मुलगा मग सावरू शकत नाही. लांब टांगा टाकणाऱ्याचे तर आणखी अवघड. पाऊल जितके लांब, तितका पाय तिरका आणि तितका त्याचा जमिनीवरचा पुढचा रेटा जास्त. हा रेटा पेलण्याइतके घर्षण मुरमावर नसते. म्हणून उतरताना पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत, भार पायांवर ठेवावा आणि उतार तीव्र असेल तर आडवे होऊन बुटाची कड रोवत उतरावे. स्की शिकवणारा याहून वेगळे काय सांगतो?

वर्गात करावयाचा प्रयोग

एक गुळगुळीत फळी आणि एक वीट घ्यावी. विटेच्या खाली जुन्या चपलेचा रबरी तळ बांधावा. फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. वीट ज्या क्षणी घसरू लागेल तेथे थांबून वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजावी. मग त्या टोकाच्या थेट खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. उंचीला अंतराने भागले की मिळतो तो स्थितिक घर्षणांक.

आता फळी ओली करून, साबणाचे पाणी लावून आणि शेवटी तिच्यावर मूठभर ज्वारी पसरून हाच प्रयोग करावा. ज्वारी म्हणजे आपला मुरूम. प्रत्येक वेळी आकडा मांडण्याआधी विद्यार्थ्यांकडून अंदाज जरूर घ्यावा.

यानंतर कोरड्या फळीवर एका विटेवर दुसरी वीट ठेवावी. वजन दुप्पट झाले, आता ती लवकर घसरेल का? बहुतेक मुले "हो" म्हणतील. प्रत्यक्षात कोन जवळपास तेवढाच राहतो. घसरवणारा घटक दुप्पट होतो, पण घर्षणही दुप्पट होते. "जाड्या आहे म्हणून पडला" ही चेष्टा शास्त्राला मान्य नाही, हे वर्गाने स्वतःच्या हातांनी शोधून काढलेले फार चांगले.

रबरी तळाचा कोरड्या फरशीवरचा घर्षणांक सहसा ०.५ पेक्षा जास्त असतो. बर्फावरच्या स्कीचा सुमारे ०.०५ असतो. म्हणजे २० फुटांत १ फूट एवढा, सुमारे ३ अंशांचा उतारही स्कीला पुरतो.

बर्फ निसरडा का?

दाबामुळे बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून आपण घसरतो, असे अनेक पुस्तकांत असते. हिशेब करून पाहू या. ६० किलो वजनाचा माणूस, १७० सेंमी लांब आणि ७ सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या. दर चौरस सेंटिमीटरवर भार आला अवघा २५ ग्रॅम. एका वातावरणाच्या, म्हणजे दर चौ. सेंमी.वर सुमारे १ किलोच्या दाबाने बर्फाचा द्रवणांक ०.००७४ अंश सेल्सिअसने उतरतो. स्कीमुळे तो ०.०००२ अंशानेही उतरणार नाही! खरे कारण वेगळे आहे. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू गोठणबिंदूच्या खालीही सैल, द्रवासारखे असतात. फॅरेडेने १८५० साली असा थर सुचवला होता. त्यात घर्षणाच्या उष्णतेने निर्माण होणाऱ्या पाण्याची भर पडते. हे बाउडेन आणि ह्यूज यांनी १९३९ मध्ये दाखवले.

फजितीतून शोध

पडताना लांब स्की पायाला तरफेसारखी पिळते आणि हाड मोडते. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला स्कीपटू यालमार व्हाम याचा पाय १९३७ मध्ये असाच मोडला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने विचार केला : पीळ ठराविक मर्यादेपलीकडे गेला की बूट स्कीतून आपोआप सुटला तर? १९३९ मध्ये त्याला या सुटणाऱ्या पकडीचे पेटंट मिळाले. आजच्या स्कीवरील पकडी याच तत्त्वावर चालतात. त्याने पडण्याची लाज बाळगली नाही, पडण्याचे कारण शोधले.

१९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा मायकेल एडवर्ड्स स्कीवरून उड्या मारत होता. त्याच्या जाड भिंगांवर वाफ धरे आणि त्याला नीट दिसत नसे. दोन्ही स्पर्धांत तो शेवटचा आला. जग हसले, पण तो लाडकाही झाला. उबदार दमट हवा थंड काचेला लागली की दव जमते, हे पावसाळ्यात हेल्मेटची काच खाली ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पडझडीची वही

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत वर्गाने एक वही ठेवावी. शाळेच्या आवारात कोणी घसरले की नाव न लिहिता चारच गोष्टी नोंदवाव्यात : जागा कोणती, पृष्ठभाग कसा होता, पायात काय होते, आणि माणूस पुढे पडला की मागे. महिनाभराने नोंदींची बेरीज करावी. बहुधा दोन-तीन जागाच पुन्हा पुन्हा येतील : पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळचे शेवाळ, जिन्याची ओली गुळगुळीत पायरी, स्वच्छतागृहाचा उंबरा. शेवाळ खराट्याने खरवडणे, पायरीवर खरबरीत पट्टी बसवणे, उंबऱ्यापाशी गोणपाट टाकणे, हे मुलांनी मुख्याध्यापकांना आकडे दाखवून सुचवावे.

मग हीच वही घरी न्यायला सांगावी. शाळकरी मुलगा पडला तर गुडघा खरचटतो. आजी मोरीत पडली तर खुब्याचे हाड मोडते आणि कित्येकदा ती पुन्हा पूर्वीसारखी चालू शकत नाही. घरातली मोरी कोरडी ठेवणे आणि भिंतीला धरायला एक दांडा बसवणे, एवढे जरी दहा घरांत झाले तरी घर्षणाचा धडा नीट शिकवला गेला असे समजावे.