आयरिश माणसाची थट्टा

आयरिश मनुष्य म्हटला कीं हातांत मद्याचा पेला, तापट डोकें आणि अखंड बडबड, असें चित्र जगांत रूढ आहे. हा निरुपद्रवी विनोद कीं अपमान? उत्तरासाठीं त्या चित्राचें कूळ पाहावें लागतें. लंडनच्या रंगभूमीवर बावळट आयरिश नोकर पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांस हंसवीत आला. पुढें ‘पंच’ साप्ताहिकानें त्याला वानराचें तोंड दिलें. १८८२ सालीं टेनिएलनें तर आयरिश बंडखोराचा राक्षसच रंगविला.

हा सारा खेळ कागदावरच राहता तर गोष्ट निराळी. परंतु १८४५ पासून बटाट्याच्या रोगानें तेथें दुष्काळ पडला. सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, त्याहून अधिक देशोधडीस लागलीं. सरकारी मदतीचीं सूत्रें ज्यांच्या हातीं होतीं ते ट्रेव्हेलियन (हेच पुढें मद्रासचे गव्हर्नर झाले) लोकांच्या स्वभावदोषालाच खरें संकट मानीत. ज्याला आळशी म्हणून हंसलों, त्याला धान्य देतांना हात आखडतो, तो असा.

आणि मद्यपी म्हणावें, तर १८३८ मध्यें कॉर्क येथें फादर मॅथ्यू यांनीं सुरू केलेल्या चळवळींत लक्षावधि आयरिशांनीं दारू सोडण्याची शपथ घेतली होती. ती विनोदांत कधीं येत नाहीं!

आज डब्लिनकर स्वतःच ही थट्टा करतो, पाहुण्यांस विकतोहि. तो त्याचा अधिकार; धन्यानें चाकराची केलेली थट्टा मात्र वेगळी. बर्नार्ड शॉ यांच्या १९०४ च्या ‘जॉन बुल्स अदर आयलंड’ नाटकांत असाच एक अस्सल आयरिश बडबड्या इंग्रजाला भुलवितो. चौकशीअंतीं तो ग्लासगोस जन्मलेला, आयर्लंड कधींच न पाहिलेला निघतो.