माहीत असणं आणि येणं

आजचा विषय ज्ञानाचाच आहे, पण उदाहरण दवाखान्यातलं घेऊ या.

आपण घास गिळतो तेव्हा अन्ननलिका तो लाटेसारखा खाली ढकलते आणि जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी क्षणभर सैल पडते. अकॅलेशिया या आजारात नलिकेच्या भिंतीतल्या मज्जापेशी नष्ट होत जातात. मग लाट नीट उठत नाही, कडी सैल पडत नाही. घास अडतो, पाणीसुद्धा अडतं, वजन उतरतं. आजार विरळा; वर्षाला लाखात साधारण एकाला होतो. त्यामुळे पुष्कळदा ॲसिडिटी समजून औषधं चालू राहतात.

गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. म्हणून कडीच कापून सैल करायची. १९१३ साली जर्मनीत अर्न्स्ट हेलर यांनी शस्त्रक्रियेने ती बाहेरून कापली. २००८ साली जपानमध्ये हारुहिरो इनोउए यांनी तोंडातून दुर्बीण घालून ती आतून कापली. या पद्धतीला 'पोएम' म्हणतात. अस्तराला लहानशी चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा करत खाली जायचं, स्नायू कापायचा, मागे यायचं आणि चीर क्लिपांनी बंद करायची.

युरोपात २२१ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली. दोन वर्षांनी यश जवळपास सारखंच होतं, ८३ आणि ८२ टक्के. मात्र आम्ल वर येऊन नलिकेला होणारा दाह पोएमनंतर जास्त आढळला.

आता बघा, ही कृती तुम्हाला माहीत झाली. पण ती तुम्हाला येते का? गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाने १९४९ साली हाच भेद मांडला. आपल्या भाषेत तर त्यासाठी दोन क्रियापदंच आहेत. पोहण्याबद्दल माहीत असतं. पोहता येतं ते वेगळं.

'येणं' हे पुस्तकातून हातात उतरत नाही. बोगद्याची दिशा चुकू शकते, रक्त येऊ लागतं, आणि नलिकेच्या पलीकडे हृदय-फुप्फुसं आहेत. म्हणून शिकणारा डॉक्टर आधी जाणत्याचं काम बघतो, मग डुकराच्या काढलेल्या अवयवांवर, पुढे भूल दिलेल्या डुकरावर सराव करतो. त्यानंतर माणूस, तोही गुरू शेजारी उभा असताना.

तरी प्रत्येकाचा पहिला रुग्ण असतोच. आपल्या सगळ्यांना तयार हात हवा असतो, पण तो आपल्यावर तयार व्हायला नको असतो. मग पहिला कोण? सराव कितीही वाढवला तरी हा प्रश्न लहान होतो, संपत नाही. तेव्हा निदान तो झाकू नये. "डॉक्टर, तुम्ही स्वतः किती केल्यात? शेजारी कोण असेल?" असं विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. आणि उत्तर ऐकून जो रुग्ण 'हो' म्हणतो, तो नुसता उपचार घेत नाही. पुढच्या रुग्णांसाठी एक हात घडवतो. त्याच्याशी खरं बोलणं, एवढं तर आपण त्याचं देणं लागतो.