कारखान्यात लेखक पाहुणा आला तर...

आपल्या धंद्यात पाहुणा ही नित्याची बाब आहे. आडत्या येतो, दलाल येतो, परगावचा खरेदीदार येतो. त्यांना गादीवर बसवून चहा पाजणे आणि कोणता माल कोणाला दाखवायचा हे ठरविणे आपल्याला वडिलांपासून ठाऊक आहे. परंतु एखादा लेखक दारात येऊन "तुमचे काम आतून पाहू द्या, आम्हाला लिहायचे आहे" असे म्हणाला, तर काय करावे? या बाबतीत अमेरिकेतील एक जुना किस्सा व्यापारी बांधवांनी समजून घेण्यासारखा आहे.

आपण ज्या कंपनीच्या नावाने "दोन झेरॉक्स काढून आण" म्हणतो, त्याच झेरॉक्स कंपनीची ही हकीकत होय. कचेऱ्यांतील कामकाज उद्या कसे चालेल याचा शोध घेण्यासाठी कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एक संशोधन केंद्र उघडले. त्यास थोडक्यात 'पार्क' म्हणत. मुख्य कचेरी मात्र हजारो मैल दूर, पूर्व किनाऱ्यावरील स्टॅमफर्ड येथे. तिकडे कोट-टायची शिस्त, तर इकडे तरुण संशोधक जमिनीवरच्या मऊ गोणपाट-गाद्यांवर रेलून चर्चा करीत.

१९७२ साली स्ट्युअर्ट ब्रँड हे लेखक तेथे गेले. 'होल अर्थ कॅटलॉग' काढल्यामुळे त्यांचे नाव झालेले होते. संशोधक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले. ॲलन के यांनी लहान मुलालाही वापरता येईल अशा, वहीसारख्या संगणकाची आपली कल्पना सांगितली. ७ डिसेंबर १९७२ रोजी लेख छापून आला, तो 'रोलिंग स्टोन' या तरुणांच्या संगीतविषयक मासिकवजा पत्रात! मथळ्यातच या मंडळींना 'कॉम्प्युटरचे भटके' अशा अर्थाचे नाव दिलेले होते. आज हा लेख दूरदृष्टीचा मानला जातो, कारण संगणक सामान्य माणसाच्या हाती येणार हे त्यात स्पष्ट मांडले होते. पण मुख्य कचेरीत संताप झाला. आपल्या पैशाने चाललेल्या केंद्राची ही कसली ओळख? परिणामी पत्रकारांच्या भेटींवर कडक निर्बंध आले.

आता हिशेब मांडून पाहू. त्या लेखामुळे कंपनीचे कोणते गुपित गेले? के यांची कल्पना तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका परिषदेत त्यांनी स्वतः मांडली होती. केंद्राचा प्रसिद्ध 'आल्टो' संगणक १९७३ साली तयार झाला, म्हणजे लेखानंतर. गेली असेल तर थोडी अब्रू, माल नव्हे.

खरा माल गेला तो सात वर्षांनंतर, आणि तोही पुढच्या दाराने. १९७९ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज व त्यांचे अभियंते पार्कमध्ये आले. त्या वर्षी ॲपलने झेरॉक्सला आपले एक लाख शेअर सुमारे दहा डॉलर भावाने घेऊ दिले होते, आणि त्या सौद्यातूनच ही भेट घडली. केंद्रातील संशोधक ॲडेल गोल्डबर्ग यांनी हे दाखवू नये म्हणून हट्ट धरला, पण वरून हुकूम आला तेव्हा नाइलाज झाला. पडद्यावरच्या खिडक्या आणि हाताने फिरविण्याचा 'माऊस' पाहून पाहुणे परतले. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला. १९८९ मध्ये झेरॉक्सने दावा लावला, परंतु पुढच्याच वर्षी न्यायालयाने त्यातील बहुतेक मुद्दे फेटाळले. कारागीर ओरडून सांगत होता आणि मालकाला आपल्याच गोदामातील मालाची किंमत ठाऊक नव्हती, हे खरे नुकसान.

आमचाही अनुभव असाच आहे. एका मित्रव्यापाऱ्यास आम्ही भिडेखातर डिझाइनच्या खोलीत नेले. आमचे किनारीचे नमुने आमच्याआधी बाजारात दिसले. त्याच सुमारास लिहिण्यासाठी आलेल्या एका तरुणास मात्र आम्ही दारातूनच परत पाठविले होते! ज्याला अडवायचे त्याला बसविले, ज्याला बसवायचे त्याला अडविले.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लेखक येणार हे आधी भागीदारांस व घरच्या वडीलधाऱ्यांस सांगावे. छापून आल्यावर कळले तर चांगला लेखही अपमान वाटतो. त्याच्यासोबत कामाची माहिती असलेला एक जाणता माणूस द्यावा. तयार माल व कामाची रीत मोकळेपणाने दाखवावी, अर्धवट नमुने व गिऱ्हाइकांची नावे झाकून ठेवावीत. फोटो कशाचा घ्यायचा हे आधीच ठरवावे. कारागिरास बोलू द्यावे, कारण कामाची खरी गोष्ट त्याच्याच तोंडी असते. लेख "आम्हाला दाखवूनच छापा" असा आग्रह धरू नये. आकडे व नावे तपासून घ्या, एवढीच विनंती पुरे.

२०२३ साली झेरॉक्सने ते केंद्र एसआरआय या संस्थेस देऊन टाकले. ज्या घराने लेखकाला दार लावले, त्या घराची कीर्ती आज लेखकांच्याच लिखाणातून टिकून आहे. पाहुण्यास भिण्याआधी आपल्या मालाची पारख आपल्याला आहे काय, हे प्रत्येकाने आपल्या गादीवर बसून तपासावे.