मळीतून मऊ साबण : खरे किती, ऐकीव किती?



मळी म्हटली की स्पिरिट आणि इथेनॉल एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु उसाच्या गोडीतून अंगाला लावायचे सौम्य साबणद्रव्यही बनते. गटसभांतून त्याची विचारणा होते, म्हणून थोडक्यात माहिती देत आहे.

प्रथम साबणाचे काम पाहू. अंगावरचा मळ तेलकट, तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे मळ पाण्याबरोबर निघून जातो. अशा द्रव्याला सर्फॅक्टंट म्हणतात. माती परीक्षणाच्या अहवालात आपण सामू पाहतो ना, तोच इथेही लागू. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १०, तर कातडीचा ५ च्या आसपास. म्हणूनच उसाच्या पाल्याने कापलेले हात साबणाने चुरचुरतात. शिवाय विहिरीचे पाणी जड असेल तर फेस कमी आणि साकाच जास्त.

आता नवे द्रव्य. चायनीजच्या गाडीवरची पांढरी पावडर सर्वांना ठाऊक आहे. ती ग्लुटामिक आम्लाचे मीठ. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ते समुद्रशेवाळातून काढले. पुढे १९५६ च्या सुमारास जपानमध्येच साखर खाऊन हे आम्ल बाहेर टाकणारा जंतू सापडला. त्याला मळीतली साखर, अमोनिया आणि भरपूर हवा दिली की काम सुरू. हे आम्ल खोबरेल तेलातील स्निग्धाम्लाशी जोडले की सौम्य सर्फॅक्टंट तयार होतो. आजिनोमोतो कंपनीने तो १९७२ साली बाजारात आणला. कातडीच्या सामूच्या जवळपासही तो फेस देतो आणि जड पाण्यात साबणाइतका साका धरत नाही.

"मग आपला कारखाना का काढत नाही?" प्रश्न रास्त आहे. हिशेब असा : १०० किलो कोरड्या मालात ग्लुटामिक आम्ल सुमारे ४० किलो. बाकी बहुतेक खोबरेलाचा भाग, तो आपल्या शिवारातला नव्हे. शिवाय डिस्टिलरीच्या टाकीत यीस्ट काम करते. इथे जंतू वेगळा. पूर्ण निर्जंतुक टाक्या, शुद्धीकरण आणि वेगळा रासायनिक प्लँट लागतो. मळी आहे म्हणजे साबण झाला, असे नाही. कुणी असे स्वप्न दाखवून भागभांडवल मागू लागला तर आधी हा हिशेब विचारा.

विकत घेतानाही डोळे उघडे ठेवा. वेष्टनावर "सोडियम कोकॉइल ग्लुटामेट" हे नाव यादीत वर असेल तर माल भरीव. तळाशी असेल तर नावापुरता. "ग्लायसिनेट"ही सौम्यच, पण त्यातले ग्लायसिन सहसा रसायनांपासून करतात, उसापासून नव्हे. आणि हे औषध नाही. हाताच्या भेगा खोल असतील तर डॉक्टरांनाच दाखवा.

राहता राहिले आपल्या हातातले. स्पिरिट असो, इथेनॉल असो की ग्लुटामेट, सगळ्यांचे मूळ साखरच. तुटलेला ऊस फडात वाळत पडला की ती घटते. तेव्हा तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडेल एवढे पाहावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी