रंगीत घाम

घामाला स्वतःचा रंग नसतो. त्यात बहुतांशी पाणी असते व थोडे मीठ विरघळलेले असते. तथापि, क्वचित एखाद्या व्यक्तीच्या गालांवर, काखेत किंवा स्तनाग्रांभोवती पिवळ्या, हिरव्या, निळ्या अथवा काळ्या घामाचे थेंब उमटतात. या विकाराला वैद्यकात ‘क्रोमहिड्रोसिस’ म्हणतात. रंग व घाम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जेम्स याँग यांनी १७०९ मध्ये चेहऱ्यावर येणाऱ्या अशा विलक्षण काळेपणाची हकीकत नोंदवून ठेवली.

या रंगाचा उगम समजण्यासाठी घर्मग्रंथींचे दोन प्रकार लक्षात घेतले पाहिजेत. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे एक्राइन ग्रंथी जवळजवळ सर्व शरीरभर पसरलेल्या असून शरीर थंड ठेवणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे अपोक्राइन ग्रंथी मोजक्याच जागी असतात. त्या वयात आल्यावर कार्य करू लागतात आणि त्यांचा स्राव दाट व स्निग्ध असतो. खरा रंगीत घाम बहुधा या दुसऱ्या ग्रंथींतूनच येतो. त्यांच्या पेशींत लिपोफ्युसिन नावाचे रंगद्रव्य असते. त्याचे प्रमाण वाढले किंवा त्याचे ऑक्सिडीकरण अधिक झाले, की स्रावाला गडद रंग चढतो. भीती, राग, श्रम किंवा उष्णता यांमुळे ग्रंथी आकुंचन पावल्या म्हणजे हा स्राव बाहेर पडतो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ शेली व हर्ली यांनी १९५४ मध्ये या विकाराचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला.

परंतु रंगीत दिसणारा प्रत्येक घाम या विकाराचा नसतो. कित्येकदा घाम निर्मळच बाहेर येतो आणि त्वचेवरील सूक्ष्मजंतूंमुळे, कपड्याच्या कच्च्या रंगामुळे किंवा रसायनामुळे रंगतो. तांब्याचे काम करणाऱ्यांचा घाम निळसर-हिरवा झाल्याचे आढळले आहे. काही औषधेही घामात उतरतात. क्षयरोग व कुष्ठरोग यांवरील रिफँपिसिन या औषधामुळे लघवी, अश्रू व घाम नारिंगी-तांबूस होतात. ही गोष्ट रुग्णाला आधी सांगितली नाही, तर अंगातून रक्तच जात आहे अशा समजुतीने तो घाबरून औषध सोडण्याची भीती असते. क्षयरोगात उपचार अर्धवट सोडणे हे रंगीत घामापेक्षा कितीतरी घातक होय.

म्हणून निदान करताना वैद्य प्रथम रुग्णाचा व्यवसाय, कपडे व चालू औषधे यांची चौकशी करतात. मग स्राव सूक्ष्मदर्शकाखाली व जंबुपार किरणांत तपासतात. या किरणांत लिपोफ्युसिन बहुधा पिवळसर चमकते. सूक्ष्मजंतू कारण असल्यास ते नष्ट करणारी औषधे पुरतात. खऱ्या विकारावर मात्र कायमचा उपाय नाही. ग्रंथी दाबून रिकाम्या केल्यास एक ते तीन दिवस आराम मिळतो. मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याचे मलम किंवा बोट्युलिनम विषाची अल्प मात्रेतील अंतःक्षेपणे यांचा काही रुग्णांना उपयोग झाला आहे. वय वाढत जाते तसा विकारही हळूहळू ओसरतो.

हा विकार जिवावर बेतणारा नाही आणि संसर्गजन्यही नाही. रुग्णाला त्रास होतो तो मुख्यतः डागाळलेल्या कपड्यांचा, लोकांच्या नजरांचा आणि त्यातून येणाऱ्या संकोचाचा. काळा घाम हा कोणाच्या पापाचा वा करणीचा परिणाम नसून, त्वचेखालच्या एका सूक्ष्म ग्रंथीतील रंगद्रव्याचा आहे. एवढे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना समजावून सांगणे हा उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.