कौटुंबिक सिटकॉमचे पुनरागमन : पुनर्मीलन-भाग आणि चित्रपट-रूपांतर

प्रस्तावना

एकच घर, ठरावीक पात्रे आणि दर भागात निर्माण होऊन सुटणारा एखादा पेच, हा कौटुंबिक सिटकॉमचा साचा असतो. अशी मालिका बंद पडल्यानंतर प्रामुख्याने दोन मार्गांनी परत येते. पुनर्मीलन-भागात मूळ कलाकार वाढलेल्या वयासह तीच पात्रे साकारतात. चित्रपट-रूपांतरात बहुधा नवे कलाकार येतात. अमेरिकेतील ‘द ब्रेडी बंच’ या मालिकेच्या आधारे हा फरक समजून घेऊ.

मूळ मालिका

शेरवूड श्वार्ट्झ यांची ही मालिका १९६९ ते १९७४ या काळात एबीसी वाहिनीवर चालली. तीन मुलांचा बाप आणि तीन मुलींची आई विवाह करतात व आठ जणांचे एक कुटुंब होते, हे तिचे कथासूत्र. तेव्हा ती लोकप्रियतेच्या यादीत फार वर नव्हती. पुढे स्थानिक वाहिन्यांनी तिचे ११७ भाग वर्षानुवर्षे पुन्हा दाखवले आणि नवी पिढी ते पाहत मोठी झाली. पुनरागमनाला लागणारा प्रेक्षक या पुनःप्रक्षेपणातून तयार झाला.

पुनर्मीलन : काळ पुढे सरकतो

१९८८ च्या ‘अ व्हेरी ब्रेडी ख्रिसमस’ या दूरचित्रपटात मोठी झालेली मुले आपापल्या अडचणी लपवत नाताळासाठी घरी येतात. शेवटी पेच सुटतात, घर एकत्र येते. हा दूरचित्रपट खूप पाहिला गेला. त्या यशावर १९९० मध्ये ‘द ब्रेडीज’ ही मालिका काढण्यात आली. तिच्यात एका मुलाला मोटार-शर्यतीतील अपघाताने अपंगत्व येते, तर थोरली मुलगी दारूच्या आहारी जाते. ही मालिका महिनाभरातच बंद झाली. पात्रांचे वय वाढलेले प्रेक्षकांना चालले; पण पेच सुटण्याची हमी गेली, तेव्हा ओळखीचे घरच उरले नाही.

चित्रपट : काळ थांबतो

१९९५ मध्ये बेट्टी थॉमस दिग्दर्शित ‘द ब्रेडी बंच मूव्ही’ आला. त्यात शेली लाँग आणि गॅरी कोल आई-वडिलांच्या भूमिकेत होते. भोवतालचे जग १९९० च्या दशकातले, पण कुटुंबाचे कपडे, भाषा व भाबडेपणा १९७० च्या दशकातला. या विसंगतीतून विनोद घडतो. चित्रपट मालिकेची थट्टा करतो, तरी कुटुंबाला हरवत नाही. म्हणून जुना प्रेक्षक दुखावत नाही आणि नव्यालाही हसू येते.

भारतीय उदाहरण

२००२ मध्ये सुरू झालेल्या ‘खिचडी’ या हिंदी मालिकेवरील चित्रपट २०१० मध्ये आला. त्यात बहुतेक प्रमुख कलाकार मूळचेच होते. म्हणजे चित्रपटात कलाकार बदलतातच असे नाही.

सारांश

कलाकार बदलले तरी पुनरागमन यशस्वी होऊ शकते. मूळ मालिकेने प्रेक्षकाला दिलेला दिलासा मोडला, तर मात्र जुने चेहरेही ते तारू शकत नाहीत.

स्वाध्याय

१. पुनःप्रक्षेपणाचा पुनरागमनाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. १९८८ आणि १९९० च्या ब्रेडी-कथांची तुलना करा.
३. आपल्या भाषेतील एखाद्या बंद झालेल्या कौटुंबिक मालिकेसाठी यांपैकी कोणता मार्ग योग्य ठरेल? कारणे द्या.